चव्वेचाळीस सालचं बिस्किट

सिल्वासा ही एका संघप्रदेशाची राजधानी असूनही तिथे जुन्या लष्करी शिध्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी एकही संस्था नव्हती. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली ही उणीव आम्हा तिघांच्या लक्षात आली आणि आम्ही ती तातडीने भरून काढली. तोवर तिथल्या जनतेने दिवस कसे काढले असतील, देव जाणे.

आम्ही तिघे म्हणजे मी, अनंत खवणेकर, मूळचा मालवणकडचा, इथल्या एका सरकारी कचेरीत मुख्य कारकून. शाळेत इतिहास शिकवणारे भगवंत गुरव मास्तर. आणि विश्वनाथ पारुळेकर साहेब. साहेब कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. कचेरीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या कचेऱ्या आपलं नाव का नाही म्हणून रागावतील. साहेब आमच्या मंडळाचे अध्यक्ष झाले, मास्तर इतिहासतज्ज्ञ झाले आणि मी चिटणीस झालो. चौथा सभासद कधी मिळाला नाही, त्यामुळे सगळे ठराव एकमताने मंजूर होत.

कोणी तिकिटं जमवतं, कोणी नाणी. आम्ही फौजी शिधा जमवत असू. लढाईवर निघालेल्या शिपायाच्या पाठीवर बांधून देत ते मांसाचे डबे, चहाची पूड, साखरेचे खडे, चॉकलेटच्या वड्या आणि कडक बिस्किटं. देवळालीच्या जुन्या बाजारात आणि वापीच्या भंगारवाल्यांकडे हा माल सापडे. टोकरखाड्यातल्या माझ्या सरकारी क्वार्टरमधली लोणच्याच्या बरण्यांची फळी मी या कामासाठी ताब्यात घेतली. आमच्या मंगलाने बरण्या पलंगाखाली सरकवल्या आणि विचारलं, की खायच्या वस्तू खायच्याच नसतील तर त्या स्वयंपाकघरात कशाला? मी म्हटलं, हा इतिहास आहे. ती म्हणाली की वास तरी तसाच येतोय.

आमच्या सभा शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे भरत. आघाडीवरच्या शिपायाने काय हालअपेष्टा सोसल्या याचं वर्णन मास्तर इतकं हुबेहूब करत, की ऐकता ऐकता आम्हाला सडकून भूक लागे. मग मंगला घावणे आणि नारळाची चटणी आणून ठेवी. दुसऱ्याच्या उपासमारीवर मनापासून बोलायचं तर आपलं पोट भरलेलं असावं लागतं, हे मला त्या सभांमुळे कळलं.

मंडळाला खरी दिशा मिळाली ती देवळालीहून आणलेल्या एका पत्र्याच्या डब्यातून. त्यात सन चव्वेचाळीसचं एक अखंड बिस्किट निघालं. बर्माच्या आघाडीवर जायला निघालेलं ते बिस्किट काही कारणाने मागे राहिलं होतं, आणि तेवढ्यामुळेच बहुधा आपल्यापर्यंत पोचलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. हे बिस्किट विटेहून कडक आणि दगडाहून थोडं नरम होतं. साहेबांनी ते टेबलावर आपटलं तेव्हा टेबलाची सनमायका उडाली. साहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांना बढती मिळाली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

ताबडतोब ठराव झाला, की हे बिस्किट जसंच्या तसं पुन्हा घडवायचं. आमलीतल्या एका बेकरीवाल्याला पीठ, मीठ आणि पाणी एवढंच वापरायला सांगितलं. पहिली खेप त्याने सवयीने थोडं तूप घालून केली. ती चवीला इतकी चांगली झाली की मंडळाने ती एकमुखाने नापास केली. मास्तरांनी तिथेच कसोटी घालून दिली: जे सहज खाता येतं ते अस्सल नव्हे. मग प्रश्न निघाला भोकांचा. मूळ बिस्किटाला बारीक भोकं होती. ती कारखान्यात पाडलेली की नंतर टोके या धान्यातल्या किड्यांनी पोखरलेली, यावर दोन सभा खर्ची पडल्या. शेवटी टोक्यांच्या बाजूने निकाल लागला आणि प्रत्येक नव्या बिस्किटाला दाभणाने टोक्याच्या आकाराची भोकं पाडण्याची अट घालण्यात आली. बेकरीवाला म्हणाला, साहेब, टोकेच सोडू का पिठात, ते फुकट करतील. त्याला अभ्यासाची शिस्त कळत नव्हती.

सातव्या खेपेला बिस्किट जमलं. आता त्याची क्षेत्रीय चाचणी घ्यायची होती. म्हणजे कोणीतरी दिवसभर त्या बिस्किटावर राहून दाखवायचं. पारुळेकर साहेबांनी नुकतीच कवळी बसवून घेतली होती. मास्तरांच्या मते इतिहासकाराने इतिहासात स्वतः पडू नये. आणि मी चिटणीस. मी खाल्लं तर लिहिणार कोण? तेव्हा त्रयस्थ माणूस बघावा असं ठरलं, आणि त्रयस्थ माणूस अंगणातच होता.

झिपरू नंदुरबारकडचा. जवळच्याच नरोलीतल्या एका धाग्याच्या कारखान्यात तो रात्रपाळीला होता आणि दिवसा आमच्या कॉलनीत गवत कापणं, टाक्या धुणं अशी कामं करी. काम चोख, पण साडेअकरा वाजले की हातातला विळा ठेवून निघून जाई. मला हे खटकत असे. मंगलाने चौकशी केली तेव्हा कारण कळलं. त्याची बायको कावेरी त्याच कारखान्यात दिवसपाळीला होती. पाळी कायद्यात आठ तासांची, नरोलीच्या घड्याळात बारा. हा आत जाई तेव्हा ती बाहेर पडे, हा बाहेर येई तेव्हा ती आत जाई. सुट्टीचे वारसुद्धा वेगळे. भाड्याची एक खोली आणि एक गोधडी दोघांनी आळीपाळीने वापरायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत तो भाकरी आणि कुळथाच्या रश्श्याचा डबा घेऊन कारखान्याच्या फाटकापाशी जाई, ती बाहेर येई, आणि बाभळीखाली बसून दोघं एका डब्यात जेवत. त्यांचा संसार म्हणतात तो एवढाच. मंगलाचे डोळे हे सांगताना भरून आले. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण गवत अर्धं राहतं.

चाचणीच्या दिवशी सकाळी झिपरूला दोन बिस्किटं दिली आणि आज दिवसभर हेच खायचं असं बजावलं. त्याने ती फडक्यात बांधली. संध्याकाळी तो परत आल्यावर मी रीतसर प्रश्न विचारले. बिस्किटं संपली का? संपली. पोट भरलं का? भरलं. काही त्रास? काहीच नाही. आणखी काही खावंसं वाटतं का? नको म्हणाला. मी सगळं लिहून घेतलं आणि खाली निष्कर्ष लिहिला, की एक बिस्किट हे धट्ट्याकट्ट्या माणसाच्या एका पूर्ण जेवणाइतकं आहे.

"कशाबरोबर खाल्लं त्याने?" मंगलाने आतून विचारलं.

हा प्रश्न अप्रस्तुत होता. शिपाई आघाडीवर बिस्किट कशाबरोबरही खात नाही. त्यामुळे 'कशाबरोबर' असं आम्ही विचारलंच नव्हतं, आणि ज्याअर्थी विचारलं नव्हतं त्याअर्थी त्याचं उत्तर नव्हतं.

दोन ऑगस्टला, आमच्या प्रदेशाच्या मुक्तिदिनाच्या सुट्टीत, शाळेच्या सभागृहात आमचं पहिलं प्रदर्शन भरलं. प्रमुख पाहुण्यांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात घातला आणि तो भाषण संपेपर्यंत तसाच राहिला. भाषण त्यामुळे फार थोडक्यात झालं आणि त्याचं श्रेय लोकांनी मंडळाला दिलं. बायकामुलांनी बिस्किटं हातात घेऊन वाजवून पाहिली. सगळे म्हणाले, धन्य ते जवान. आणि मग सगळे जेवायला घरी गेले.

एक गृहस्थ मात्र गेले नाहीत. ते माझ्या निष्कर्षाच्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते. ते ललितभाई, झिपरूच्या कारखान्याचे मॅनेजर. त्यांची अडचण अशी होती, की कामगारांनी बसून जेवायला छप्पर आणि गरम जेवणाचं कॅन्टीन मागितलं होतं, आणि पारुळेकर साहेबांच्या कचेरीने त्यांना तशी नोटीसही काढली होती. कायद्याप्रमाणे सोय करणं भाग होतं. सोय कुठली, याचा ते शोध घेत होते.

"साहेब, मला एक वात सांगा," ललितभाई आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "ह्याला खायला टाइम किती लागते?"

मास्तर अभिमानाने म्हणाले, की टाइम लागतच नाही. जवान हे चालता चालता खातो, उभ्या उभ्या खातो, एका हाताने बंदूक चालवत दुसऱ्या हाताने खातो.

"म्हणजे मशीन पण चालू राहते," ललितभाई म्हणाले आणि पाटी उतरवून घेऊ लागले.

पुढचं सगळं कायदेशीर झालं, हे मी आवर्जून सांगतो. मंडळाचे अध्यक्ष या नात्याने पारुळेकर साहेबांनी प्रमाणपत्र दिलं, की सदर बिस्किट हे एक पूर्ण जेवण आहे. अधिकारी या नात्याने पारुळेकर साहेबांनी ते प्रमाणपत्र तपासलं, सही ओळखीची वाटल्यामुळे ग्राह्य धरलं आणि नोटीस निकाली काढली. सरकारदरबारी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर कागद जायला महिने लागतात. इथे टेबल एकच असल्यामुळे काम दुपारच्या चहाआधी झालं. आमलीच्या बेकरीत दाभणाने भोकं पाडायला चार माणसं वाढवावी लागली.

कारखान्यात समारंभ झाला. कामगार हा उत्पादनाच्या आघाडीवरचा जवान आहे असं ललितभाईंनी जाहीर केलं, आणि प्रत्येक जवानाला बारा तासांच्या पाळीसाठी एक बिस्किट देण्यात आलं. टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणारे खुर्च्यांवर होते, जवान उभे होते.

आता जेवण जर चालत्या मशीनवर होत असेल, तर जेवणाची सुट्टी कशासाठी, हा प्रश्न ओघानेच आला. सुट्टी बंद झाली. सुट्टी नाही तर दुपारी फाटक उघडायचं कारण नाही. फाटक बंद झालं. बाहेरचा डबा आत आला तर शिध्याचा खरा परिणाम कळणार नाही, म्हणून डब्यांनाही बंदी झाली. थोड्याच दिवसांत ललितभाईंच्या ध्यानात आलं, की पाळी बदलताना आत जाणारे आणि बाहेर पडणारे फाटकात एकमेकांशी बोलत थांबतात आणि शिस्त मोडते. तेव्हा आत जायचं फाटक पुढे ठेवलं आणि बाहेर पडायचं मागे काढलं. यावर कोणी कुरकुर केलीच तर ललितभाई शांतपणे विचारत, की फौजमधे जवान बॉर्डर सोडून बायकोला भेटायला जाते काय? जवानांना दोन महिन्यांची रजा मिळते, एवढंच एक उत्तर होतं, पण ते मास्तरांनी ललितभाईंना सांगितलं नाही. इतिहासाने वर्तमानात ढवळाढवळ करू नये म्हणून.

योजनेची कीर्ती पसरली. आणखी काही कारखान्यांनी बिस्किट स्वीकारलं. कामगारांनी ते किती स्वीकारलं, याबद्दल उलटसुलट ऐकू येई. नरोलीच्या चाळींतून चिखलात पाय ठेवायला बिस्किटं मांडलेली मी स्वतः पाहिली आणि त्यांचा टिकाऊपणा पाहून मला भरून आलं. मग कोणीतरी वर्तमानपत्रात पत्र लिहून विचारलं, की एवढं पौष्टिक असेल तर ते सरकारी कचेऱ्यांतही का देऊ नये, तेवढीच दुपारची दोन-दोन तासांची जेवणं वाचतील. हा प्रश्न आमच्या दृष्टीने गंभीर होता. मंडळाने तातडीची सभा घेतली, कांदाभजी होईपर्यंत सर्व बाजूंनी विचार केला आणि असा निर्वाळा दिला, की कचेरीत कुठलीच लढाई चालू नसल्यामुळे तिला आघाडी म्हणता येत नाही.

त्याच सभेत झिपरू आला. तो मागच्या दाराने येणारा माणूस, त्या दिवशी पुढच्या दारात उभा राहिला. बराच खंगलेला दिसला. मी त्याला भजी घ्यायला सांगितलं. त्याने घेतली नाहीत.

"साहेब, ते बिस्कीट मी कोरडं नही खादं," तो म्हणाला. "डबामा रस्सा व्हता, त्यामा चुरीसन खादं. संगे भाकर बी व्हती. मी अन् कावेरी, आम्ही दोन्हीसनी खादं. तेवढं लिखी द्या."

तिघांच्याही हातातली भजी हातातच राहिली. खानदेशात भाकरी रश्श्यात चुरून खातात. जे म्हणून कोरडं आणि कडक हाती येईल ते रश्श्यात चुरायचं, ही त्याची जन्माची सवय. हे बिस्किट त्याला बिस्किट वाटलंच नव्हतं, शिळी भाकरी वाटली होती. माझ्या निष्कर्षातलं पोट भरलं होतं ते भाकरीने आणि कुळथाच्या रश्श्याने.

साहेबांनी आवाज चढवून विचारलं, की हे आधी का सांगितलं नाही? तो म्हणाला, तुम्ही पुसलं नही. स्वयंपाकघरातून मंगलाचा सुस्कारा ऐकू आला.

साहेबांनी त्याला समजावलं, की आता प्रमाणपत्र दिलं गेलंय, त्याच्यावर नोटीस निकाली निघालीये, तेव्हा कामगारांना बिस्किट आवडत नसेल तर त्यांनी अर्ज करावा, नमुना बदलण्याचा विचार होईल. झिपरूने मान हलवली.

"बिस्कीट राहू द्या. ती खाई लेई. माले अर्धा तास पाहिजे, साहेब. पहिले व्हता तेवढाच." मग तो म्हणाला, "ती माले दिसत नही."

खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही घशात काहीतरी आलं. ते भजं होतं की काय, हे मी निश्चित सांगू शकत नाही. मंगला बाहेर आली आणि म्हणाली की खोडा ती ओळ आणि लिहा नवीन, एवढं काय त्यात. बायकांना कामकाजाची पद्धत माहीत नसते. ओळ खोडली तर प्रमाणपत्र खोटं ठरतं, प्रमाणपत्र खोटं ठरलं तर साहेबांची सही खोटी ठरते, आणि साहेब निवृत्तीला आलेले. शिवाय चाचणीत रस्सा धरायचा म्हटला तर मूळ शिध्यातही रस्सा हवा, आणि बर्माच्या आघाडीवर कुळथाचा रस्सा पोचल्याचा पुरावा नाही. म्हणजे झिपरूचं म्हणणं खरं असलं तरी अस्सल नव्हतं.

झिपरू जायला वळला, आणि तेवढ्यात भगवंत मास्तरांना ती कल्पना सुचली. इतक्या वर्षांच्या अभ्यासाचं चीज व्हावं अशी ती होती. ते म्हणाले, थांब. फाटकावर बसून डबा खाण्याची ही जी रीत तू सांगतोस, ती आता नरोलीत कुठे उरली आहे का? झिपरू म्हणाला, नही. मास्तर आमच्याकडे वळले. त्यांचा आवाज कापत होता. म्हणजे ती इतिहासजमा झाली, ते म्हणाले. आणि आघाडीवरच्या माणसाचा तो शिधाच होता. मग तो आपल्याच कक्षेत येतो. तो जसाच्या तसा पुन्हा घडवणं हे आपलं कर्तव्य आहे.

ठराव एकमताने मंजूर झाला. झिपरूला सांगितलं, की येत्या मुक्तिदिनाला प्रदर्शनात तू आणि कावेरीने येऊन बसायचं आणि डबा खायचा. त्याने एवढंच विचारलं, की अर्धा तास पुरा मिळेल ना? पूर्ण मिळेल, असं साहेबांनी आश्वासन दिलं. तो हो म्हणाला. ललितभाईंनीही सहकार्य केलं. मुक्तिदिनाची सुट्टी त्यांच्या कारखान्याला लागू नव्हती, पण कावेरीला त्यांनी स्वतःच्या गाडीतून पाठवलं आणि तो वेळ कामाचाच धरला. मालकांचं मन असं मोठं असतं, पण ते दाखवायला निमित्त लागतं.

प्रदर्शनाची तयारी आम्ही जीव तोडून केली. शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी पुठ्ठ्याचं फाटक रंगवलं. बाभळीची खरी फांदी आणून कुंडीत रोवली. भोंग्याची सोय झाली. रस्सा कुळथाचाच असावा यावर मास्तर अडून बसले आणि भाकरीवर किंचित राख दिसली पाहिजे असंही त्यांनी बजावलं. प्रेक्षकांनी फार जवळ जाऊ नये म्हणून मध्ये दोरी बांधली. मंगला यायला तयार नव्हती. सभागृहाच्या दारापर्यंत आली, आत एकदा पाहिलं आणि परत गेली. तिला इतिहासात कधीच रस नव्हता.

गर्दी मात्र अलोट. शिध्याच्या प्रदर्शनाला कधी नव्हे एवढी माणसं लोटली होती. टोकरखाड्यातल्या सगळ्या कॉलन्या, आमलीतले दुकानदार, कचेऱ्यांतले साहेब सहकुटुंब. भोंगा वाजला. पुठ्ठ्याच्या फाटकातून कावेरी आली. अंगाने लहानखुरी, केसांत धाग्याची पांढरी भुकटी. झिपरू डबा घेऊन आधीच बसला होता. तो उठून उभा राहिला. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली, इतका वेळ, की मास्तर बाजूने हळूच म्हणाले, डबा, डबा उघडा.

ती बसली. पण बसली ती आमच्याकडे पाठ करून. त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये तिची पाठ आली आणि अर्ध्या लोकांना डबाच दिसेना. मागून आवाज उठले, की जरा इकडे वळा, पोरांना दिसत नाहीये. कोणीतरी म्हणालं, काहीतरी बोला, रोज बोलायचात ना? कावेरी वळली नाही. तिने भाकरी मोडली, रश्श्यात चुरली आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. मी चिटणीस म्हणून अगदी दोरीला लागून होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"जेव आते," ती म्हणाली. "येळ सरी जाई."

तो जेवला नाही. त्याने तिचा हात धरून ठेवला होता, भाकरीने माखलेला. भोंगा पुन्हा वाजेपर्यंत दोघं तशीच बसून होती. शिध्याच्या दृष्टीने प्रयोग फसला, कारण डबा तसाच राहिला. भोंगा झाला, ती उठली, पदर सारखा केला आणि फाटकातून आत गेली. आत म्हणजे पुठ्ठ्यामागे. तिथून गाडीत, गाडीतून कारखान्यात. झिपरूने डब्याला झाकण लावलं.

टाळ्यांचा कडकडाट थांबेना. आणि हे मी तुम्हाला का सांगतोय, तर तुम्हीही त्या गर्दीत होतात. दोरीच्या अलीकडे, पहिल्या रांगेत, पोराला खांद्यावर घेऊन. तुमचे डोळे पाणावले होते, हे मी पाहिलं आणि मला तुमच्याविषयी आदर वाटला. गर्दी पांगल्यावर तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, की हे असं खरोखर कुठे घडत होतं का, आणि ते फाटक बंद झालंय ते नेमकं कुठे. मी म्हटलं, नरोलीला, स्कूटरने गेलात तर लगेच पोचाल. आज गेलात, चारचौघांनी मिळून फाटकाशी उभं राहून विचारलंत, तर कदाचित ते उघडतीलसुद्धा. तुम्ही घड्याळात पाहिलंत, खरंच कळवळून मान हलवलीत, आणि म्हणालात की जायला हवं, पण वेळ कोणाला आहे?

त्या दिवशी तुम्हाला सुट्टी होती.